एक्स-रेसहॉर्स (रेसमधून निवृत्त घोडा) घ्यायच्या आधीचं पाच स्टेजचं व्हेटिंग: पॉइंट-टू-पॉइंटवाल्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल. ब्रिटनमधे पॉइंट-टू-पॉइंटच्या हौशी रेससाठी प्रोफेशनल रेसिंगमधून बाहेर पडलेला घोडा घेत असाल तर आपल्या व्हेटकडून (घोड्याच्या डॉक्टरकडून) पाच स्टेजचं व्हेटिंग, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, कराच, आणि त्यावर पुढच्या दोन्ही पायांच्या टेंडनचा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) अल्ट्रासाउंड स्कॅन आणि घशाची स्कोप (कॅमेऱ्याने तपासणी) हे दोन एक्स्ट्रा लावाच लावा. काटकसर करायची तर दुसरीकडे करा, या दोन गोष्टींत नको. आम्ही या तपासणीवर एक घोडा सोडला आणि एक घेतला, त्यामुळे दोन्ही बाजू बघून लिहितोय.

घोडा भाचीसाठी हवा होता. ती अमॅच्युअर (हौशी) रायडर आहे, इतके दिवस दुसऱ्यांचे घोडे पळवायची, आता स्वतःचा हवा आणि पैसे मामाने घालायचे असं घरात ठरलं. माझा हट्ट एकच होता की पोरगी ज्याच्या पाठीवर बसून अठरा फेन्स (उडी मारायचे अडथळे) मारणार आहे तो घोडा आतून बाहेरून माहीत पाहिजे. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, पॉइंट-टू-पॉइंट म्हणजे हंट क्लबांनी (शिकारी घोडेस्वारांच्या क्लबांनी) भरवलेल्या अमॅच्युअर जंप रेस, सीझन साधारण नोव्हेंबर ते जून, बहुतेक रेस तीन मैलांच्या, बर्चच्या फेन्स किमान ४ फूट ३ इंच उंच, रायडर अमॅच्युअरच, आणि मालक घरच्या तबेल्यातही घोडा तयार करू शकतो. म्हणूनच प्रोफेशनल रेसिंगमधे मागे पडलेल्या घोड्यांना इथे चांगली मागणी असते.

आता वजनाचं गणित बघा. फ्लॅट (उड्या नसलेल्या) रेसमधे घोडा नऊ स्टोनच्या आसपास म्हणजे ५७ किलो वगैरे घेऊन पळतो, इथे अकरा-बारा स्टोन म्हणजे ७०-७६ किलो, ते घेऊन तीन मैल, ते पण बऱ्याचदा चिखलात, आणि प्रत्येक उडीनंतर सगळा भार आधी पुढच्या पायांवर येतो. त्यामुळे फ्लॅटवर तीन-चार वर्षं मजेत पळलेला नाजूक पायांचा घोडा इथे एका सीझनमधे निकामी होऊ शकतो. गुडघ्याखालचं हाड जाड आहे का, बाजूने बघितलं तर गुडघा मागे वाकल्यासारखा दिसतोय का (तसा असेल तर मी पुढे बघतच नाही, टेंडनवर फार ताण येतो, उलट थोडा पुढे झुकलेला गुडघा चालतो), हे व्हेट यायच्या आधी आपणच बघून घ्यायचं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि व्हेटला फोन करायच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फॉर्म, म्हणजे आधीच्या रेसचे निकाल, वाचणं. रेसिंग पोस्ट या रेसिंगच्या पेपरच्या साइटवर घोड्याची सगळी कुंडली असते. लोक फक्त किती जिंकला ते बघतात, मी आधी तारखा बघतो. दोन रेसमधे वर्ष-दीड वर्षाची गॅप असेल तर त्या काळात घोडा काय करत होता? टेंडन गेला की नऊ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त विश्रांती लागते, त्यामुळे करिअरच्या ऐन मध्यावर मोठं भगदाड दिसलं की पहिला संशय पायावर. मग अक्षरं बघायची, F म्हणजे पडला, U म्हणजे रायडर खाली आला, P म्हणजे मधेच थांबवला, R म्हणजे नकार दिला, B म्हणजे दुसऱ्यामुळे पडला. एखादा F असला तर काही बिघडत नाही, B मधे तर बिचाऱ्याची चूकच नसते, पण ओळीने P P P दिसले आणि तेही दरवेळी शेवटच्या टप्प्यात, तर श्वास, पाय, पोटातला अल्सर किंवा मनाने खचलेला घोडा यातलं काहीतरी आहेच. R वाला घोडा नवीन रायडरसाठी नकोच, मग तो फुकट का मिळेना.

त्यानंतर रेसचे व्हिडिओ. हे फार कमी लोक करतात आणि मला कळत नाही का करत नाहीत, बहुतेक रेस ऑनलाइन बघायला मिळतात. घोडा प्रत्येक फेन्सला एकाच बाजूला सरकत उडी मारतोय का बघा, बऱ्याचदा त्या मागे एका पायाचं किंवा पाठीचं दुखणं असतं, आणि नसलं तरी उजवीकडे सरकणारा घोडा डाव्या वळणाच्या कोर्सवर प्रत्येक फेन्सला जमीन हरतो. दुसरं म्हणजे मस्त चाललेला घोडा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या फेन्सला अचानक हँडब्रेक लावल्यासारखा थांबतोय का. दमलेला घोडा हळूहळू मागे पडतो, असा एकदम थांबत नाही. एकदम थांबला तर मऊ टाळू सरकून श्वास अडकल्याची शक्यता असते, आणि ते तबेल्यात उभ्या घोड्याकडे बघून कुणालाच कळणार नाही.

तर पहिला घोडा. नऊ वर्षांचा बे (तपकिरी, काळ्या आयाळीचा) गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), दिसायला राजा, चेसमधे (मोठ्या फेन्सच्या रेस) तीन रेस जिंकलेला, एके काळी रेटिंग (कामगिरीचा आकडा) १२५ च्या वर आणि आता शंभराच्या खाली. विकणारा म्हणाला पाय एकदम साफ, कधी एक दिवस लंगडला नाही. फॉर्ममधे मात्र मधे चारशेहून जास्त दिवसांची गॅप आणि परत आल्यावर दोन P. विचारलं तर म्हणे मालक बदलला, मग कोव्हिड, मग जमीन कडक होती. कारणं तीन-तीन मिळाली की मी जरा सावध होतो. भाची मात्र त्याच्या मानेवर हात फिरवत "मामा, हाच घेऊया ना" सुरू झाली होती, तिचंही बरोबर, घोडा होताच तसा.

व्हेटिंगच्या दिवशी व्हेटबाईंनी पहिला प्रश्न विचारला, कशासाठी घेताय? हा प्रश्न क्लिनिकच्या अर्जावर पण असतो आणि त्याचं उत्तर नीट द्या. नुसतं "रायडिंगसाठी" लिहिलंत तर रिपोर्ट त्या हिशोबाने येणार. "पॉइंट-टू-पॉइंट रेसिंग, नवीन रायडर" असं स्पष्ट सांगायचं, कारण घोडा पास-नापास असं काही नसतं, व्हेट फक्त एवढंच मत देते की या कामासाठी घेताना सापडलेल्या गोष्टी आड येतील की नाही.

मग पाच स्टेज. पहिल्यात उभ्या घोड्याची पूर्ण तपासणी, हृदय, फुप्फुसं, दात, अंधाऱ्या खोलीत डोळे, मायक्रोचिप स्कॅन करून घोड्याच्या पासपोर्टशी जुळवणं, अंगावरच्या जुन्या खुणा. दुसऱ्यात कडक जमिनीवर हातात धरून चालवणं आणि ट्रॉट (दुडकी), पाय दुमडून मिनिटभर धरून लगेच पळवायची फ्लेक्शन टेस्ट. तिसऱ्यात खोगीर चढवून चांगला दम लागेपर्यंत काम, चौथ्यात विश्रांती आणि हृदय-श्वास किती वेळात जागेवर येतो ते, पाचव्यात परत ट्रॉट, म्हणजे कामानंतर आखडलाय का ते दिसतं. आणि रक्ताचा नमुना घेतात, तो साधारण सहा महिने लॅबमधे ठेवतात, म्हणजे नंतर शंका आली की वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन घोडा दाखवला होता का ते तपासता येतं. विकणारा रक्त द्यायला कां-कूं करत असेल तर तिथूनच परत फिरा.

मला सगळ्यात आवडलं ते व्हेटबाईंचं पायाचं काम. आधी घोडा चारी पायांवर उभा असताना दोन्ही पुढचे पाय एकाच वेळी दोन हातांनी, वरून खाली, सावकाश. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडला, आता टेंडन सैल पडतो, आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून गुडघ्यापासून खालपर्यंत बोटभर-बोटभर सरकत आल्या. उजवा पाय झाला, घोडा झोपेत असल्यासारखा. डाव्याला मधल्या भागात आल्या आणि घोड्याने पाय किंचित ओढला, एवढंच, मला तर दिसलंही नसतं. त्या वर गेल्या, परत त्याच जागी आल्या, परत ओढला. मग मला हात लावायला सांगितला. बाहेरून सूज नाही, उष्णता नाही, पण उजव्याची कड सुतळीसारखी सरळ लागत होती आणि डाव्याची तिथे थोडी बोथट, जाडसर. रंगरूपात काहीही फरक नाही.

स्कॅन लावला तर स्क्रीनवर मधोमध फायबर विस्कटलेले, जुनी जखम, भरलेली पण नीट न भरलेली. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा घोडा कुणाला आरामात फिरवायला मस्त आहे, पण तीन मैल उड्या मारत पळवला तर हाच टेंडन परत जायची जोखीम मोठी आहे, आणि तो रेसच्या मधे गेला तर पाठीवरची पोरगी पण खाली. आम्ही सोडला. भाची परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याला खरंच माहीत नसेलही, घोडा तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतो तेव्हा जुनी माहिती मधेच कुठेतरी गळून गेलेली असते. म्हणूनच जुने व्हेट रेकॉर्ड मागायचे, विकणाऱ्याची परवानगी असेल तर मिळतात.

(पायाच्या मागच्या बाजूला ओळीत बारीक ठिपक्यांचे किंवा आडव्या रेघांचे डाग दिसले तर ते फायरिंगचे (पायाला डाग देण्याचे), म्हणजे पूर्वी टेंडनचं दुखणं झालेलं होतं. केस वाढले की लपतात, हिवाळ्यात घोडा बघताना ओला करून बघा.)

दुसरा घोडा सात वर्षांचा चेस्टनट (तांबूस), हर्डल (छोट्या अडथळ्यांच्या रेस) पळलेला, मोठ्या फेन्स फार नाहीत, जिंकलेला एकच पण आडवातिडवा एकही P नाही, पुढच्या पाचात तर नेहमी. याच्या नावापुढे विंड सर्जरीची नोंद होती. ब्रिटनमधे २०१८ पासून श्वासाचं ऑपरेशन जाहीर करावं लागतं आणि त्यानंतरच्या पहिल्या रेसला कार्डवर खूण येते, ही सोय आपल्यासारख्यांना फार उपयोगी आहे. बरेच जण विंड ऑप दिसलं की पळतात. मी म्हणेन पळू नका, कुठलं ऑपरेशन ते विचारा. टाळू कडक करायचं छोटं काम आणि टाय-बॅक यात जमीन-अस्मानाचा फरक. टाय-बॅकमधे घशाचा लुळा पडलेला डावा पडदा टाक्याने उघडा बांधून ठेवतात, तो टाका कालांतराने सैल पडू शकतो, आणि पडदा कायम उघडा म्हणून खाताना खोकला लागणारे घोडे पण असतात. आमच्याचं टाळूचं निघालं. तरी स्कोप केली, नाकातून कॅमेरा घालून दोन्ही पडदे एकसारखे उघडतात का ते बघितलं, आणि तिसऱ्या स्टेजला व्हेटबाई मुद्दाम गॅलपच्या (सरावाच्या पळपट्टीच्या) चढावर उभ्या राहिल्या आणि आम्हाला गप्प बसायला लावलं. श्वास आत घेताना शिट्टी किंवा घरघर येते का ते कानानेच ऐकायचं असतं. आली नाही. उभ्या घोड्याच्या स्कोपमधे टाळूचा दोष नेहमी दिसत नाही, पळताना लावायचा स्कोप असतो तो महाग पडतो, पण फॉर्ममधे अचानक थांबण्याचा पॅटर्न असेल तर तोच करा.

हृदयात हलका मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) सापडला. माझ्या पोटात गोळा आला, पण ट्रेनिंगमधल्या थरोब्रेडमधे (रेसच्या घोड्यांची जात) मर्मर बऱ्यापैकी कॉमन असतात आणि कामानंतर ठोका नियमित राहिला, जागेवर पण पटकन आला. अनियमित ठोका असता तर आधी ईसीजी, मग बाकीचं बोलणं. इन्शुरन्सवाले मात्र असली प्रत्येक नोंद वाचतात आणि तेवढा भाग कव्हरमधून काढून टाकतात, त्यामुळे सही करायच्या आधी रिपोर्ट त्यांना पाठवून उत्तर घ्या.

एक्स-रेच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. पूर्ण सेट काढला की रेसहॉर्समधे काही ना काही दिसणारच, खालच्या सांध्यात हाडाचा जुना तुकडा, पाठीच्या मणक्यांचे काटे जवळ आलेले, आणि मग त्या फोटोंवरून कुठलाच घोडा घ्यावासा वाटत नाही. पाठ दाबल्यावर घोडा खाली वाकतोय, खोगीर घट्ट करताना चावायला येतोय, उडीनंतर मागचे पाय एकत्र टाकतोय असं काही असेल तर पाठीचे काढा. नाहीतर ते पैसे स्कॅनला. खुरांसाठी व्हेटपेक्षा नालबंदाचं मत मला जास्त पटतं, आमच्या नालबंदाने फोटो बघूनच सांगितलं होतं की टोक लांब, टाच खाली बसलेली, तळ पातळ, पण दोन-तीन नालबंदीत सुधारेल, आणि सुधारतंय. अल्सर तर ट्रेनिंगमधून आलेल्या घोड्यात धरूनच चाला, औषध आहे, चारा-कुरण वाढवलं की फरक पडतो.

व्हेटिंग जे सांगत नाही ते म्हणजे उडी आणि डोकं. हे आपणच बघायचं. आधी त्यांच्या रायडरला बसवा, मग आपल्या. भाचीने आधी छोट्या सरळ अडथळ्याला, मग फेन्सला नेला. मी बघत होतो की चुकीच्या अंतरावर आला तर काय करतो. परफेक्ट अंतरावर सगळेच छान मारतात हो. हा तिसऱ्या फेन्सला फार जवळ आला, पटकन एक छोटं पाऊल टाकलं, गुडघे दुमडून वर गेला आणि पलीकडे पाय शोधला, भाचीने काहीही न करता. मला तिथेच घोडा पटला होता. नवीन रायडरला वेगवान घोड्यापेक्षा स्वतःची चूक स्वतः निस्तरणारा घोडा हवा. वय थोडं जास्त असलं तरी चालेल, पाशा द्यू पोल्डर नावाचा घोडा २०१७ आणि २०१८ ला चेल्टनहॅमचा फॉक्सहंटर (अमॅच्युअर रायडरांची मोठी रेस) जिंकला, दुसऱ्या वेळी अकरा वर्षांचा होता, दोन वर्षं दोन वेगळ्या पोरी वर होत्या, ब्रायनी फ्रॉस्ट आणि हॅरिएट टकर, आणि त्याआधी २०१६ ला त्याच घोड्यावर ऑलिंपिकची सायकलपटू व्हिक्टोरिया पेंडलटन पाचवी आली होती. अनुभवी घोडा काय देतो ते यावरून बघा.

कागदाची एक गोष्ट, आणि ही कुठलीही व्हेट तुम्हाला सांगणार नाही कारण तो तिचा विषय नाही. काही मालक घोडा देताना नॉन-रेसिंग अॅग्रीमेंट करतात, म्हणजे हा घोडा परत रेसमधे पळणार नाही असं, ते वेदरबीजकडे (ब्रिटिश रेसिंगची नोंदणी बघणारी संस्था) नोंदलेलं असतं आणि पॉइंट-टू-पॉइंटला पण लागू होतं. स्वस्तात, "चांगल्या घरी द्यायचाय" म्हणून मिळणाऱ्या घोड्यात हे हमखास विचारा, वेदरबीजकडून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. तसंच लायसन्सवाल्या ट्रेनरच्या यार्डातून घोडा कधी बाहेर पडला याला पण त्या सीझनच्या पात्रतेत महत्त्व असतं, पॉइंट-टू-पॉइंट ऑथॉरिटीचे चालू नियम उघडून तारीख बघून घ्या.

लिलावात घेणार असाल तर हे सगळं व्हेटिंग जमत नाही. तिथे ट्रॉट बघा, पाय हाताने तपासा, शक्य असेल तर आपला व्हेट सोबत न्या, आणि कॅटलॉगमधलं बारीक अक्षर वाचा, विंड आणि लाकूड चावून हवा गिळणं वगैरे सवयी न सांगता विकल्या तर ठरावीक मुदतीत परत करता येतं, पण ती मुदत छोटी असते. गिनीत बोली असेल तर प्रत्येक गिनीमागे १.०५ पाउंड धरा. माझा सल्ला पहिला घोडा लिलावात घेऊ नका.

आता तक्रारी. क्लिनिकने स्कॅनचे पैसे आधीच्या कोटमधे धरले नव्हते, तिथे जाऊन कळलं. दुसऱ्या घोड्याचा लेखी रिपोर्ट यायला चार दिवस लागले आणि विकणारा तोपर्यंत दुसरा गिऱ्हाईक उभा आहे म्हणून फोनवर फोन करत होता, व्हेटबाईंनी तोंडी सगळं सांगितलं होतं म्हणून निभावलं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे सगळ्यांनाच घोडे घ्यायचे असतात, तेव्हा वेळ मिळत नाही, उन्हाळ्यातच बुक करा. विकणाऱ्याचा नेहमीचा व्हेट "लगेच करून देतो" म्हणाला तरी त्याच्याकडून नको, त्याची बाजू आधीच बांधलेली.

रेटिंग: व्हेटबाईंच्या हाताला पाच, क्लिनिकच्या ऑफिसला तीन. चेस्टनट सध्या कुरणावर आहे, ऑगस्टमधे रस्त्यावर चालवायला सुरुवात, कुणाला त्याचा हळूहळू फिटनेसचा प्लॅन हवा असेल तर विचारा, भाचीने सगळं वहीत लिहून ठेवलंय.